नाव, पायरी आणि न्याय : अद्भुत कादंबरीतील असताचा प्रश्न

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मंद्रूप हे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या वापरातले गाव. त्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग-कुडल येथील संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला आणि मराठीच्या प्राचीन लेखांच्या चर्चेत त्याला महत्त्वाचे स्थान मिळाले. भाषेच्या इतिहासकारांचे लक्ष त्यातील क्रियारूपांकडे जाणे स्वाभाविकच होय. साहित्यविचाराच्या दृष्टीने मात्र त्याच्या शेवटी येणारे आश्वासन अधिक विचार करावयास लावते. लेख वाचणाऱ्याला विजय लाभेल, असे ते आश्वासन आहे. मध्ययुगीन दानलेखांत दान मोडणाऱ्याला शाप देण्याची प्रथा सर्वत्र होती. शिलाहारांच्या प्रदेशातील गद्धेगाळ तर तो शाप चित्रासह कोरून ठेवतात. येथे शापाऐवजी फल आहे, आणि ते फल वाचकाला मिळावयाचे आहे.

या एका गोष्टीत मराठी कथनपरंपरेतील नीतिविचाराचे एक सूत्र दडलेले आहे. फलश्रुती ही केवळ ग्रंथाच्या शेवटी जोडलेली औपचारिकता नव्हे. ग्रंथाच्या आत जे काही घडते, त्याचा हिशेब ग्रंथाबाहेर, श्रोत्याच्या आयुष्यात पूर्ण होतो, असे ती मानते. याच जिल्ह्यातील नाझरे गावच्या श्रीधराने ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३) आणि ‘पांडवप्रताप’ (१७१२) रचले. पुढची दोन शतके घरोघर वाचल्या गेलेल्या या पोथ्यांत राक्षस आहेत, मायावी युद्धे आहेत, आकाशातून चाललेली अस्त्रे आहेत. आधुनिक परिभाषेत ज्याला अद्भुत म्हणावयाचे ते सारे तेथे आहे, आणि ग्रंथनामातच ‘विजय’ आहे. तथापि या पोथ्या ऐकणारा श्रोता राक्षसांच्या नाशाने जितका संतुष्ट होतो, तितकाच त्यांच्या उद्धाराने होतो. पूतना विष पाजावयास आली तरी तिला मातेची गती मिळते. कंस भयाने का होईना, अखंड कृष्णाचेच चिंतन करीत राहतो आणि त्यातूनच सुटतो. ज्याला परंपरेने विरोधभक्ती म्हटले, त्या कल्पनेचा मथितार्थ असा की असत् हे सत्‌हून मुळात वेगळे असे द्रव्य नाही. ते वाट चुकलेले सत् आहे, आणि वध ही त्याची घरी परतण्याची एक वाट आहे.

लोकदैवतांच्या कथांत हीच गोष्ट अधिक ठसठशीत रूपात दिसते. सोलापूरजवळच्या बाळे येथे चंपाषष्ठीला खंडोबाची यात्रा भरते. कन्नड भाविकांच्या तोंडी हाच देव मैलार होतो. मणी आणि मल्ल या दैत्यांचा त्याने वध केला ही कथा सर्वपरिचित आहे. पण वधानंतर काय झाले, हे तिच्यातील खरे मर्म होय. मणी शरण आला आणि त्याला देवाच्या सान्निध्यात स्थान मिळाले. जेजुरीच्या गडावर त्याची मूर्ती आहे. मल्ल तर देवाच्या नावातच जाऊन बसला. ‘मल्लारी’ या शब्दात शत्रूचे नाव आधी उच्चारावे लागते, देवाचा निर्देश त्यामागून होतो. म्हसोबाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) या ग्रंथात दाखवून दिले की पुराणांत देवीने ज्याला मारले तो महिषासुर महाराष्ट्रातील काही वस्त्यांवर म्हसोबा म्हणून पुजला जातो, आणि काही ठिकाणी तर तो देवीचा पती असतो. एकाच प्रदेशात एक कथा वधाची सांगितली जाते आणि दुसरी विवाहाची, आणि दोन्ही सांगणाऱ्यांना त्यात विसंगती वाटत नाही.

हे सारे वाचून लोकपरंपरेच्या उदारतेचे गोडवे गाण्याचा मोह अभ्यासकांना होतो. तो आवरावयास हवा. पराभूताला दिलेले स्थान हे नेहमी पायरीवरचे स्थान असते. एका परंपरेप्रमाणे मल्लाचे शिर जेजुरीच्या देवळाच्या पायरीशी आहे आणि भक्तांच्या पायांचा स्पर्श त्याला होत राहतो. याच भूगोलात दुसरी एक पायरी आहे. मंगळवेढ्याचे गावकूस कोसळून १३३८ साली चोखामेळा त्याखाली गेला. नामदेवाने त्याच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि त्याची समाधी महाद्वारासमोर झाली. एक पायरी शत्रूची आणि एक भक्ताची. एकाने देवाशी युद्ध केले, दुसऱ्याने देवाखेरीज कशाचेच चिंतन केले नाही, आणि तरीही दोघांची जागा उंबरठ्याबाहेर. यावरून असे दिसते की असताला सामावून घेणारी व्यवस्था आणि माणसाला बाहेर ठेवणारी व्यवस्था या दोन वेगळ्या व्यवस्था नव्हत्या. कथेतील न्याय आणि समाजातील न्याय यांच्यातील हे अंतर लक्षात ठेवूनच एकोणिसाव्या शतकातील अद्भुत कादंबरीकडे वळले पाहिजे.

लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली प्रसिद्ध झाली. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’नंतर (१८५७) अवघ्या चार वर्षांनी आलेल्या या कादंबरीने पुढील काही दशकांच्या मराठी कथनाला वळण लावले. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी करताना ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ (१८७१) अशा तीन प्रवृत्ती कल्पिल्या आणि त्यांतील ‘मुक्तामाला’ प्रवृत्तीला रंजनाच्या खात्यात टाकले. ऐतिहासिक दृष्ट्या ही वर्गवारी उपयुक्त आहे. परंतु रंजन म्हणून बाजूला सारताच त्या कादंबरीचा नीतिविचारही दृष्टीआड होतो, आणि तो विचार तर तिच्या रचनेचा कणा आहे. सद्गुणाला सुख आणि दुर्गुणाला शिक्षा हे दाखवावयाचे, याविषयी त्या काळच्या लेखकांच्या मनात किंचितही संदेह नव्हता.

हे दाखविण्याचे त्यांचे प्रमुख साधन नामयोजना हे होते. ‘मुक्तामाला’ हे नायिकेचे नाव अलंकाराचे आहे. धनशंकर हे पतीचे नाव संपन्नता आणि मांगल्य एकत्र आणते. भयानक हे एका राजाचे नाव आहे, आणि त्याला दुसरे काही होण्याची मुभा लेखकाने नावातच नाकारली आहे. खलपुरुष शुक्लाक्ष हा ‘पांढऱ्या डोळ्यांचा’ आहे. शुभ्रता म्हणजे शुचिता हा सांकेतिक अर्थ येथे उलटतो हे खरे, तरी नाव पात्राच्या आधी पोहोचते हे तत्त्व तसेच राहते. नाटकातील सूत्रधार पात्रांची ओळख करून देतो. येथे सूत्रधाराचे काम नावे करतात. ज्याचे नाव भयानक, त्याने पुढे काय केले हे कळण्याआधीच वाचकाचा निवाडा झालेला असतो. वियोग, वेषांतर, काकतालीय भेटी, अखेरचे पुनर्मीलन ही त्या कथाप्रकाराची बाकीची सामग्री या निवाड्याची अंमलबजावणी करते. तीत घटना फार घडतात, पण पात्राच्या आत फारसे काही घडत नाही. दुष्टाला पश्चात्ताप होण्यासाठी लागणारी आतली जागाच त्याला दिलेली नसते.

पोथी आणि कादंबरी यांच्यामध्ये नेमका बदल कोठे झाला, हे येथे उघड होते. पोथीत फल श्रोत्याला मिळे आणि राक्षसाचा उद्धार होई. कादंबरीत फल पात्रांना मिळू लागले आणि राक्षसाला शिक्षा होऊ लागली. फलश्रुती ग्रंथाच्या बाहेरून आत आली. तिचे रूपांतर काव्यगत न्यायात झाले. देवाच्या हातून मरणे हा सन्मान होता. कथानकाच्या हातून मरणे ही केवळ विल्हेवाट आहे. भारतीय दंडसंहिता १८६० साली संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली, म्हणजे ‘मुक्तामाला’ या दोन तारखांच्या मध्ये छापली गेली. यातून कार्यकारणभाव काढणे उथळपणाचे होईल. तथापि गुन्हा, पुरावा, शिक्षा या क्रमाने असताकडे पाहण्याची सवय सुशिक्षित वर्गाला लागत होती तो हा काळ होता, आणि त्या वर्गासाठी लिहिली जाणारी कथा मणी-मल्लांच्या न्यायापेक्षा या नव्या न्यायाच्या अधिक जवळ होती, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत अद्भुताचा आश्रय का घ्यावा लागतो याचे जे कारण दिले, ते मराठी समीक्षेत वारंवार चर्चिले गेले आहे. आपल्या लोकांच्या विवाहपद्धतीमुळे आणि एकंदर राहणीमुळे रोजच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडत नाही, असा त्या युक्तिवादाचा आशय होता. समीक्षकांनी याकडे वास्तवापासून पळ म्हणून पाहिले. परंतु त्यात एक प्रामाणिक कबुलीही आहे. ज्या समाजात व्यक्तीला निवड करण्यास अवकाश नाही, तेथे सत् आणि असत् यांमधील निवडीची गोष्ट कोठे घडणार? ती राजपुत्रांच्या आणि विमानांच्या देशातच घडवावी लागते. विमान हे येथे केवळ कुतूहलाचे साधन राहत नाही. ज्याला स्वतःच्या इच्छेने कोठे जाता येत नाही अशा वाचकाचे ते वाहन आहे. रिसबुडांनी हे एवढ्या स्पष्टपणे म्हटलेले नाही, पण त्यांच्या युक्तिवादाचे टोक तेथपर्यंत जाते.

‘मंजुघोषा’नंतर पाचच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ आला. वाङ्मयेतिहासात हे दोन ग्रंथ एका पानावर येत नाहीत. एक ललित, दुसरा वैचारिक. असताच्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र ते एकमेकांसमोर उभे आहेत. फुल्यांनी धोंडीबा आणि जोतीबा यांच्या संवादातून अवतारकथांची उलटतपासणी केली. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन यांना त्यांनी बाहेरून आलेल्या आक्रमकांच्या टोळ्यांचे नायक ठरविले. राक्षस म्हणून ज्यांची निंदा झाली ते येथील मूळचे क्षेत्रवासी, आणि बळी हा त्यांचा न्यायी राजा. यातही नामयोजनाच प्रमुख साधन आहे. म्हसोबा म्हणजे बळीचा ‘महासुभा’, खंडोबा म्हणजे नऊ खंडांचा न्यायी अधिकारी. या व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत, आणि त्या उतरत नाहीत एवढे सांगून थांबणाऱ्या पंडितांची आपल्याकडे कधीच वाण पडली नाही. फुल्यांचा प्रश्न निराळाच होता. हळब्यांच्या कादंबरीत नाव पात्राचे भविष्य ठरविते. फुले विचारतात की हे नाव ठेवले कोणी. ‘राक्षस’ हा शब्द गुणवाचक आहे, की जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला दिलेली ओळख आहे? बलिप्रतिपदेला बळीचे राज्य यावे अशी इच्छा करणाऱ्या शेतकरी कुटुंबांच्या स्मृतीत या प्रश्नाचे बीज होतेच. फुल्यांनी त्याला तर्काचे रूप दिले.

अद्भुत कथेवर घेता येणारा हा सर्वांत गंभीर आक्षेप होय. अद्भुत अवास्तव असते हा आक्षेप त्यामानाने किरकोळ आहे. असताला एक वेगळे शरीर, वेगळा वर्ण, वेगळी वस्ती दिली की त्याचा संहार करताना कोणाच्याही मनाला टोचणी लागत नाही. आणि कथेबाहेर ज्यांचा वर्ण आणि वस्ती वेगळी आहे, त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी त्याच कथेतून घडत असते.

मराठी कादंबरीने या प्रश्नाला तोंड दिले नाही. तिने प्रकारच बदलला. वि. का. राजवाडे यांच्या १९०२ मधील ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव यांची चर्चा असली तरी हरिभाऊ आपट्यांच्या आगमनानंतर अद्भुताचा निकाल लागल्यासारखाच होता. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ला (१९१३) पिढ्यान्‌पिढ्या वाचक मिळाले, परंतु समीक्षेत प्रतिष्ठा मिळाली नाही. गंमत अशी की वास्तववादाने राक्षसाला हद्दपार केले असे म्हणावे, तर ‘पण लक्षात कोण घेतो!’मध्ये तो शंकरमामंजींच्या रूपाने माजघरात येऊन बसलेला आढळतो. विधवा यमूच्या केशवपनाचा प्रसंग वाचताना वाचकाला जी चीड येते, तीत शुक्लाक्षाविषयीच्या चिडीचा अंश आहे. फरक इतकाच की येथे काव्यगत न्याय नाही. यमूला सुख मिळत नाही, आणि हिशेब पुन्हा एकदा ग्रंथाबाहेर, वाचकाच्या दारात येऊन थांबतो. कादंबरीचे शीर्षकच तो हिशेब मागते. त्या अर्थाने आपटे हे हळब्यांपेक्षा श्रीधराच्या अधिक जवळचे ठरतात, हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटले तरी.

पुढे असताची जागा परिस्थितीने घेतली. रूढी, दारिद्र्य, जात, भांडवल ही कारणे आली आणि ती यावयासच हवी होती. पण ज्याला कारण सापडते त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या ओघात मागे पडला. जी. ए. कुलकर्णी यांनी ‘रमलखुणा’मधील (१९७५) दीर्घकथांत अद्भुताची भूमी पुन्हा नांगरली, हे खरे. तेथे मात्र माणसासमोर नियती उभी आहे. नियती दुष्ट नसते. ती उदासीन असते. तिच्याशी लढता येते, तिच्यापुढे हरता येते, पण तिला क्षमा करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

क्षमेचा प्रश्न विसाव्या शतकातील ज्या अद्भुत कादंबरीने केंद्रस्थानी आणला, ती कादंबरी नेमकी याच्या उलट कारणासाठी बदनाम आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) प्रसिद्ध झाली तेव्हा एडमंड विल्सन यांनी १९५६ मध्ये ‘द नेशन’मध्ये तिची टर उडविली, ऑर्कांच्या भयंकरपणाचा उपहास तर लेखाच्या शीर्षकातच होता. काळे आणि पांढरे यांची बाळबोध विभागणी हा आक्षेप तेव्हापासून तिला चिकटला आहे. मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने ती मराठीत आणली. या शीर्षकात मराठीपुरती एक मजेदार अडचण आहे. मुद्रिकांचा स्वामी म्हणजे खलनायक सॉरॉन. पण ‘स्वामी’ या शब्दाभोवती मराठीत भक्तीचे आणि रणजित देसाईंच्या कादंबरीपासून ऐतिहासिक आदराचे जे वलय आहे, ते त्या खलनायकावर आपोआप चढते. अनुवादाचा दोष म्हणून याकडे पाहण्याचे कारण नाही. ‘लॉर्ड’ या शब्दालाही इंग्रजीत तेच वलय आहे.

विभागणीचा आक्षेप वरवर खरा आहे. सॉरॉनला चेहरा नाही, संवाद नाही, आतली जागा नाही. तो भयानक राजाचा दूरचा नातलग शोभेल. परंतु कथेचा भार सॉरॉनवर नाहीच. तो मुद्रिकेवर आहे, आणि मुद्रिका ज्याच्या हाती जाईल त्याच्या आत काम करते. टॉम शिपी यांनी ‘द रोड टू मिडल-अर्थ’ (१९८२) या ग्रंथात दाखविले आहे की येथे असताच्या दोन कल्पना एकाच वेळी वावरतात. एकीनुसार असत् ही बाहेरून चाल करून येणारी शक्ती आहे. दुसरीनुसार ते सताचा केवळ अभाव आहे, माणसाच्या स्वतःच्या उणिवेतून वाढणारे. मुद्रिका नेमकी कोणती, याचा निर्णय कादंबरी देत नाही, आणि देत नाही म्हणूनच ती जिवंत आहे. विरोधभक्तीच्या कल्पनेत वाढलेल्या वाचकाला यांतील दुसरी कल्पना ओळखीची वाटेल, पहिली परकी.

नामयोजनेकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. टॉल्किन व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांनी नावे कमालीच्या काळजीने घडविली. मुद्रिकेने पोखरलेल्या त्या दीनवाण्या जिवाला दोन नावे आहेत. गॉलम हे घशातून निघणाऱ्या आवाजावरून इतरांनी ठेवलेले नाव. ते नाव नव्हेच, लक्षण आहे. स्मिॲगॉल हे त्याचे मूळचे नाव, जे तो स्वतःही विसरत चालला होता. फ्रोडो त्याला या दुसऱ्या नावाने हाक मारतो आणि त्या क्षणापासून त्या देहात दोन आवाज बोलू लागतात. सॅम एकदा हा वाद चोरून ऐकतो. पश्चात्तापासाठी लागणारी जी आतली जागा शुक्लाक्षाला मिळाली नाही, ती येथे एका नावाच्या उच्चाराने तयार होते. तंत्र म्हणून ही गोष्ट साधी आहे. नीतिविचार म्हणून ती साधी नाही, कारण ती जागा तयार करणारा हा दुसरा माणूस आहे. असतातून बाहेर पडणे हे एकट्याने करावयाचे काम नाही, असे कादंबरी सुचविते.

त्या सूचनेची उलट बाजूही ती दाखविते. किरिथ उंगॉलच्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि सॅम झोपलेले असताना गॉलम परत येतो. त्याच्या मनात दगा शिजलेला आहे. पण झोपलेल्या फ्रोडोकडे पाहताना त्याच्या चेहऱ्यावरचा कावेबाजपणा ओसरतो. एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्यासारखा तो फ्रोडोच्या गुडघ्याला हळूच हात लावतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि संशयाने त्याला टाकून बोलतो. क्षण निघून जातो, पुन्हा येत नाही. सॅम हा कादंबरीतील सर्वांत निर्मळ माणूस, निष्ठेचा पुतळा. आणि तरीही हा हातून सुटलेला उद्धार त्याच्या निष्ठेच्याच पोटी सुटला आहे. टॉल्किन यांनी पत्रांतून या प्रसंगाला कथेतील अत्यंत शोकात्म क्षणांत गणले, ते उगाच नव्हे. काव्यगत न्यायाच्या कोणत्याही सूत्रात हा प्रसंग बसत नाही. येथे चांगल्या माणसाच्या चांगुलपणानेच वाईट घडले, आणि त्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

शेवटाविषयीही असेच म्हणावे लागते. ज्वालामुखीच्या कड्यावर पोहोचल्यावर नायक मुद्रिका टाकत नाही. ती आपली आहे असे जाहीर करतो. नायक हरला, हे टॉल्किन यांनी पत्रांत निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. मुद्रिका नष्ट होते ती गॉलम तिच्यासाठी झडप घालतो आणि तोल जाऊन खाली कोसळतो म्हणून. आणि गॉलम तेथपर्यंत जिवंत असतो, कारण आधी बिल्बोने आणि मग फ्रोडोने, आणि अगदी शेवटी सॅमनेही, त्याला मारणे शक्य असताना मारले नाही. विजय सद्गुणाच्या सामर्थ्याने मिळालेला नाही. पूर्वी दाखविलेल्या दयेच्या व्याजातून तो आला आहे, आणि ही दया दाखविताना तिचा असा काही उपयोग होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. परीकथेच्या अखेरीस अनपेक्षितपणे येणाऱ्या सुखद कलाटणीविषयी टॉल्किन यांनी १९३९ च्या एका व्याख्यानात जे विवेचन केले होते, त्याचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय. काकतालीय योग हेच साधन हळबेही वापरू शकले असते. पण अद्भुत कादंबरीतला योगायोग सहसा सज्जनाला वाचवून मोकळा होतो. येथे त्याला आधीच्या प्रत्येक करुणेची किंमत चुकवावी लागते.

तरीही ऑर्क उरतातच. फुल्यांचा प्रश्न टॉल्किन यांना लावून पाहावयाचा तर तो येथेच लावावा लागतो. ऑर्क शेकड्यांनी मारले जातात, त्यांना कोणी क्षमा करीत नाही, त्यांच्यासाठी कोणी थांबत नाही. दक्षिणेकडून सॉरॉनच्या बाजूने लढावयास आलेल्या एका सैनिकाचे प्रेत समोर पडते तेव्हा सॅमच्या मनात त्याच्या नावाविषयी, त्याच्या घराविषयी, तो खरोखरच दुष्ट होता की फसवून आणलेला होता याविषयी विचार येतात. माणसासाठी हा विचार येतो; ऑर्कासाठी येत नाही. ऑर्कांचा उद्धार मुळातच अशक्य आहे काय, या प्रश्नाने टॉल्किन स्वतः अस्वस्थ होते. १९५४ च्या एका पत्राच्या मसुद्यात ते याच प्रश्नाभोवती घुटमळताना दिसतात, आणि एखादी संपूर्ण जात जन्मतः दुष्ट असू शकते हे त्यांच्या कॅथलिक श्रद्धेला मानवत नव्हते.

मसुद्यात न सुटलेला हा प्रश्न कादंबरीत एके ठिकाणी भलत्याच वाटेने वर येतो. बोगद्याच्या दाराआड लपलेला सॅम शॅग्रॅट आणि गोर्बॅग या दोन ऑर्क-नायकांचे बोलणे ऐकतो. त्यांना नावे आहेत. ते वरिष्ठांच्या नावाने कुरकुर करतात, युद्ध कसे चालले आहे याविषयी त्यांना खात्री नाही, आणि संधी मिळाली तर चार विश्वासू सोबती घेऊन, डोक्यावर कोणी मोठा धनी नसलेल्या जागी, आपले आपण राहावे असा बेत ते करतात. लूट हा त्या बेताचा एक भाग आहे, हे विसरता येत नाही. पण हे बोलणे कोणत्याही छावणीतील, कोणत्याही सैन्यातील शिपायांचे आहे. सॅम ते सगळे ऐकतो आणि त्यातून फक्त फ्रोडो जिवंत आहे एवढीच बातमी उचलतो. पुढे ते दोघे आपापसांतच लढतात, गोर्बॅगला शॅग्रॅट मारतो, आणि कथा त्या बेताकडे पुन्हा वळून पाहत नाही. गॉलमला निदान फ्रोडोने अखेरीस क्षमा केली. जेजुरीच्या पायरीशी मल्लाला जशी पायांखालची का होईना पण जागा मिळाली, तशी या दोघांना टॉल्किन यांच्या विश्वात कोठेच मिळत नाही.